शब्दांची संगत सांगणारा माणूस

१९७७ सालची गोष्ट. पुण्यातल्या एका कचेरीत मी नुकताच कारकून म्हणून चिकटलो होतो. मराठी शाळेतून शिकलेला, पदवी हातात असलेला आणि इंग्रजी व्याकरणाचे नियम बऱ्यापैकी पाठ असलेला. एके दिवशी साहेबांनी एका पत्राचे उत्तर तयार करायला सांगितले. मी मोठ्या उमेदीने मसुदा केला. आपल्या पत्राबद्दल बैठकीत चर्चा झाली, एवढाच त्याचा आशय. अर्ध्या तासात मसुदा परत आला. ‘डिस्कस्ड’ या शब्दापुढच्या ‘अबाउट’भोवती लाल पेन्सिलीने भला मोठा गोळा काढलेला होता. समासात शेरा नव्हता, कारण नव्हते. साहेबांनी तो कागद टायपिस्टच्या टेबलापाशी दोघा-तिघांना दाखविला होता आणि सगळे हसले होते, हे मला नंतर कळले.

हसण्याचे दुःख दोन दिवसांत ओसरते. राहिले ते वेगळेच. चूक काय झाली तेच मला कळेना. मराठीत आपण एखाद्या गोष्टीबद्दल चर्चा करतो. ‘बद्दल’ म्हणजे ‘अबाउट’ हे तर तर्खडकरांपासून आपण घोकत आलो. ‘टॉक’ला ‘अबाउट’ चालतो, ‘डिस्कशन’ या नामालाही चालतो, मग ‘डिस्कस’नेच त्याचे काय घोडे मारले आहे? घरी जाऊन रेन आणि मार्टिनचे व्याकरण पुन्हा चाळले. शब्दयोगी अव्यये म्हणजे काय, त्यांचे प्रकार किती, हे सारे तिथे होते. माझ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला सापडले नाही.

आमच्या विभागात निवृत्तीला टेकलेले एक सहकारी होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी दुसऱ्या दिवशी काही न बोलता खणातून एक जाडजूड कोश काढला, पान उघडले आणि ‘डिस्कस’ या शब्दावर बोट ठेवले. शब्दापुढे अर्थाच्याही आधी काही अक्षरे आणि आकडे छापलेले होते. त्यांचा अर्थ अण्णांनी समजावून दिला. या क्रियापदाला आपले कर्म थेट लागते, दोघांच्या मध्ये तिसऱ्याचे काम नाही. झाले. एका ओळीचे उत्तर. ते साहेबांना ठाऊक होते की नाही, कोण जाणे. बहुधा चूक कानाला खटकते एवढेच त्यांना ठाऊक असावे.

पुढल्या वर्षी बोनस हाती पडल्यावर अप्पा बळवंत चौकातून मी तो कोश विकत घेतला. ऑक्सफर्डचा ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’, तिसरी आवृत्ती. वर नाव होते ए. एस. हॉर्नबी. आपल्याकडे लाखो घरांत, कचेऱ्यांत आणि वाचनालयांत हे नाव वर्षानुवर्षे डोळ्यांखालून गेले आहे. परंतु नावामागे एक माणूस आहे हे फारसे कोणाच्या मनात येत नाही. माझ्याही आले नव्हते. मी कोश घेतला ते साल १९७८. त्याच वर्षी सप्टेंबरात हॉर्नबी वारले, हे मला कळायला पुढे कैक वर्षे जावी लागली.

आल्बर्ट सिडनी हॉर्नबी यांचा जन्म १८९८ साली इंग्लंडमधल्या चेस्टर या जुन्या गावी झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी इंग्रजी वाङ्मयाचे शिक्षण घेतले. त्या काळी अशा पदवीधरापुढे ठरलेले मार्ग असत. मायदेशात मास्तरकी, नाहीतर साम्राज्यात कोठेतरी नोकरी. हॉर्नबी यांनी तिसराच मार्ग धरला. १९२४ मध्ये ते जपानला गेले. क्यूशू बेटावरच्या ओइता या गावी, व्यापारी शिक्षण देणाऱ्या एका संस्थेत इंग्रजी शिकविण्याची ती नोकरी होती. पंचविशीतला तरुण, डोक्यात इंग्रजी वाङ्मय, आणि समोर जपानी मुलांचा वर्ग.

तिथे त्यांचा अपेक्षाभंग झाला. ती मुले आळशी नव्हती, मठ्ठ तर नव्हतीच. पण इंग्रजी त्यांनी भाषांतराच्या वाटेने शिकलेले होते. शब्दाला शब्द, वाक्याला वाक्य. छापील मजकुराचा अर्थ त्यांना लावता येई, मात्र स्वतःचे साधे वाक्य लिहायची वेळ आली की पाय घसरे. वाङ्मय बाजूला ठेवून आधी भाषा शिकवायला हवी हे हॉर्नबी यांनी ओळखले.

आता जपानी मुले काय चुका करीत असतील? हे वाचताना मला हसू आले आणि थोडे भरूनही आले. जपानी भाषेत, आपल्यासारखीच, नात्याची खूण नामाच्या मागून येते. आपण ‘टेबलावर’ म्हणतो, इंग्रज ‘वर टेबल’ म्हणतो. जपानी माणूस आपल्या बाजूचा. जपानीत लग्न कोणा‘शी’ होते, मराठीतही कोणा‘शी’ होते. म्हणून दोघेही इंग्रजीत बिनधास्त ‘मॅरीड विथ’ लिहितात. इंग्रज मात्र ‘मॅरीड टू’ म्हणतो. ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ ही तीन माणसे दोन्ही घरांत नाहीत. जपानी माणूस औषधाची गोळीसुद्धा ‘पितो’, आपण औषध ‘घेतो’. म्हणजे तिथे आपण जरा सुदैवी. ओइताच्या वर्गात जी मुले अडखळत होती, त्यांची ठेच आणि माझी ठेच एकाच दगडाची होती.

अशा चुकीवर मूल विचारते, असे का नाही? आणि इथेच इंग्रज मास्तराची पंचाईत होते. कारण त्यालाही ते ठाऊक नसते. यात त्याला हसण्यासारखे काही नाही. आपल्यालाच कोणी परक्याने विचारले, तर? आपण घरी जातो, शाळेत जातो, स्टेशनवर जातो, गावाला जातो, डॉक्टरकडे जातो. जाणे एकच, पण दर ठिकाणी शेपूट वेगळे. स्टेशनात का नाही, शाळेवर का नाही? गावाकडे आणि गावाला यांत फरक काय? सांगा बघू. आपण म्हणू, असेच म्हणतात. आईच्या मांडीवर जे कानात पडले त्याला कारण नसते, आणि ज्याला कारण नसते ते शिकविता येत नाही. हॉर्नबी यांचे मोठेपण असे, की ‘असेच म्हणतात’ या उत्तरावर ते थांबले नाहीत. नेमके कसे कसे म्हणतात, हे मोजायला ते बसले.

याच सुमारास टोकियोत हॅरल्ड पामर नावाचे दुसरे इंग्रज भाषाशिक्षक काम करीत होते. पहिल्या महायुद्धापूर्वी ते बेल्जममध्ये इंग्रजी शिकवीत. जर्मन फौजा घुसल्यावर त्यांना तेथून निघावे लागले. पुढे ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आले आणि १९२२ मध्ये जपानी शिक्षणखात्याचे सल्लागार म्हणून टोकियोला गेले. दुसऱ्याच वर्षी तिथे इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी एक संस्था उभी राहिली, तिचे ते प्रमुख. हॉर्नबी यांनी दुरूनच या संस्थेशी नाते जोडले, आणि १९३०च्या पुढल्या वर्षांत पामर यांनी त्यांना टोकियोला आपल्या कामात ओढून घेतले.

काम कोणते, तर शब्दांची संगत शोधण्याचे. आपल्या भाषेतले उदाहरण घेतो. पाऊस मुसळधार असतो, ऊन रखरखीत असते, अंधार मिट्ट असतो, चहा कडक असतो. आता कोणी मिट्ट ऊन आणि रखरखीत अंधार म्हटले तर पोरेसुद्धा हसतील. व्याकरणाचा एकही नियम मोडलेला नसतो. शब्दांची सोयरीक मोडलेली असते. इंग्रजीतही तसेच आहे. चहा ‘स्ट्राँग’, वारा ‘स्ट्राँग’, पण पाऊस ‘हेवी’. आपण मराठीत अभ्यास करतो, निवड करतो आणि चूकही करतो, तेव्हा ‘डू’ हे क्रियापद सगळीकडे खपेल असे वाटते. इंग्रज मात्र चूक ‘मेक’ करतो. असे हजारो शब्दबंध गोळा करून त्यांची वर्गवारी लावलेला अहवाल टोकियोच्या त्या संस्थेने १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात हॉर्नबी यांच्या कष्टांचा मोठा वाटा होता.

शब्दयोगी अव्यय हा या संगतीचाच एक भाग आहे, ही यातली कळीची गोष्ट. आपण ‘इन’ म्हणजे आत, ‘ऑन’ म्हणजे वर असे अर्थ पाठ करतो आणि त्या अर्थांवर विसंबून वाक्य रचतो. गणितात हुशार म्हणून ‘गुड इन’, माझ्यावर रागावला म्हणून ‘अँग्री ऑन’. इंग्रजीत ‘गुड’ला या अर्थाने ‘ॲट’ लागतो, आणि माणसावर रागवायचे तर ‘अँग्री’ला ‘विथ’. तिथे ‘ॲट’चा अर्थ काय, असे विचारण्यात हशील नाही. तो त्या शब्दाचा जोडीदार आहे. शब्द शिकायचा तो जोडीदारासकट शिकायचा.

पामर १९३६ साली मायदेशी परतले आणि संस्थेतल्या संशोधनाची धुरा हॉर्नबी यांच्याकडे आली. आता त्यांच्या मनात कोशाने आकार घेतला. तोवर इंग्रजी कोश निघत ते इंग्रजांसाठी. अवघड शब्द अडला की बघायचा, ही त्यांची रीत. इंग्रजाला ‘ॲट’ कधी अडत नाही, म्हणून ‘डिस्कस’पुढे काय येऊ नये हे सांगण्याची त्या कोशांना फारशी गरज वाटली नव्हती. परक्या विद्यार्थ्यांसाठी एक कोश १९३५ मध्ये निघाला होता खरा. तो मायकेल वेस्ट यांचा. हे वेस्ट बंगालात, ढाक्याला, शिक्षक घडविण्याचे काम करीत. सुमारे दीड हजार सोप्या शब्दांत सगळे अर्थ सांगण्याची करामत त्यांनी साधली होती. परंतु तो वाचणाऱ्याचा कोश होता. हॉर्नबी यांना हवा होता तो लिहिणाऱ्याचा. अर्थ कळल्यानंतर जो माणूस लेखणी उचलतो आणि अडतो, त्याचा.

गेटेनबी आणि वेकफील्ड या दोन सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी हे काम तडीस नेले. इंग्रजी क्रियापदांचे वर्तन त्यांनी पंचवीस साच्यांत बसविले. ‘टेल मी’ चालते, मग ‘एक्स्प्लेन मी’ का चालत नाही? दोन्ही क्रियापदांचे साचे वेगळे म्हणून. हे साच्याचे क्रमांक शब्दापुढे छापले. कोणते नाम मोजता येते आणि कोणते येत नाही याच्या खुणा दिल्या. ‘फर्निचर’ आणि ‘ॲडव्हाइस’ यांना अनेकवचनाचा ‘एस’ लावणाऱ्या आपल्यासारख्यांचे त्याने कल्याण केले. आणि अर्थाखाली लहान लहान, रोजच्या बोलण्यातली वाक्ये घातली. शब्द घरात कसा वावरतो ते दाखविणारी.

कोश तयार झाला आणि जग पेटले. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. ज्या देशात सतराएक वर्षे काढली, त्याच देशात हॉर्नबी एका रात्रीत शत्रूराष्ट्राचे नागरिक ठरले. इंग्रजी ही तर शत्रूची भाषा. खेळातले इंग्रजी शब्दसुद्धा हद्दपार करण्याची टूम तेव्हा जपानात निघाली होती. अशा दिवसांत, १९४२ साली, टोकियोत तो कोश छापून प्रसिद्ध झाला. वर हॉर्नबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची नावे, प्रकाशन जपानी. दोन्ही देशांच्या तोफा एकमेकांवर धडधडत असताना शत्रूच्या भाषेचा, शत्रूच्या माणसाने केलेला कोश जपानी लोकांनी छापला, हे वाचले तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. त्याच वर्षी हॉर्नबी यांना जपान सोडावे लागले.

तेथून ते ब्रिटिश कौन्सिलच्या नोकरीत इराणला, तेहरानला गेले. युद्ध संपल्यावर लंडनला परतले आणि १९४६ मध्ये इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी त्यांनी एक नियतकालिक सुरू केले. ते आजही निघते. टोकियोचा कोश ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने उचलला. नव्याने जुळणीही न करता, जपानी पानांची छायाचित्रे घेऊन १९४८ मध्ये तो छापला गेला. १९५२ मध्ये त्याच्या नावात ‘ॲडव्हान्स्ड’ हा शब्द आला. पुढे १९६३ आणि १९७४ अशा सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या, आणि ओइताच्या वर्गातल्या प्रश्नांची उत्तरे जगभर पोचली. त्यातलेच एक माझ्या टेबलावर आले.

या कोशाचे सगळेच गोड होते असे नाही. ते साच्यांचे क्रमांक म्हणजे एक डोकेदुखीच. शब्द काढा, क्रमांक पाहा, मग पुढची पाने उलटून त्या क्रमांकाचा अर्थ शोधा. माझ्या ओळखीतले बहुतेक लोक कोश वापरीत, पण आकड्यांकडे ढुंकूनही बघत नसत. मलाच ते अंगवळणी पडायला दोन वर्षे लागली. १९८९च्या चौथ्या आवृत्तीत ही रचना बदलून सोपी करण्यात आली. आणि एक प्रश्न तर अजून उभा आहे. स्वाभाविक इंग्रजी म्हणजे कोणाचे? आपल्या देशात ‘डिस्कस अबाउट’ इतके लोक म्हणतात, की काही जण त्याला आता भारतीय इंग्रजीचा बाज म्हणतात. असेलही. पण नोकरीच्या अर्जावर, परीक्षेच्या पेपरावर आणि साहेबाच्या टेबलावर हा युक्तिवाद चालत नाही, हे मी स्वतः भोगले आहे. नियम मोडायचा तोही माहीत असून मोडावा. न कळता मोडला की लोक हसतात.

हॉर्नबी यांनी आणखी एक गोष्ट केली, ती कोशाच्या मुखपृष्ठावर दिसत नाही. १९६१ साली त्यांनी आपल्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा बाजूला काढून एक न्यास स्थापन केला. परदेशातल्या इंग्रजीच्या शिक्षकांना ब्रिटनमध्ये येऊन शिकता यावे, हा त्याचा मुख्य हेतू. विद्यार्थ्यांच्या चुकांतून उभा राहिलेला पैसा त्यांच्याच शिक्षकांकडे परत गेला. १९७८ मध्ये त्यांच्या ऐंशीव्या वर्षाच्या निमित्ताने सहकाऱ्यांनी गौरवग्रंथ काढला. ऑगस्टमध्ये त्यांना ऐंशी वर्षे पूर्ण झाली आणि सप्टेंबरात ते गेले.

आज हा कोश मोबाईलवर मिळतो. माझी नात तर कोशही उघडत नाही. ती लिहीत जाते आणि यंत्र ‘अबाउट’ खोडून टाकते. गोळा नाही, हसणे नाही, अपमान नाही. चांगलेच आहे. माझी मात्र एक तक्रार आहे. यंत्रही कारण न सांगताच खोडते. त्या बाबतीत ते माझ्या जुन्या साहेबांसारखेच आहे, फक्त जास्त सभ्य. नातीला मी परवा ‘मॅरीड टू’ का, असे विचारले. ती म्हणाली, फोन तसे करतो. मी कपाटातून तो फाटका कोश काढला. तिने पान शोधायला बराच वेळ घेतला, पण शोधले.

नोकरीच्या शेवटच्या पंधरा वर्षांत कनिष्ठांचे मसुदे माझ्याकडे तपासायला येत. तशाच चुका, त्याच जागी. लाल पेन्सिल माझ्याही हातात होती. मी गोळा काढीत असे. नाही असे नाही. पण गोळ्याशेजारी समासात हॉर्नबीचा पृष्ठक्रमांक लिहीत असे, आणि कोश टेबलाच्या कडेला, कोणालाही न विचारता उचलता येईल असा ठेवीत असे. त्याची पाठ तीनदा शिवून घ्यावी लागली.